थोरल्याच्या पेशी

राकेशने डबीचं झाकण घट्ट केलं, खात्रीसाठी पुन्हा फिरवलं आणि डबी द्राक्षांच्या रिकाम्या खोक्यात बर्फाच्या पिशवीशेजारी ठेवली. खोक्यावर घडाचं चित्र होतं आणि खाली छापलं होतं, ‘ताजा माल’. ते खोडावं असं त्याला वाटलं. मग वाटलं, खोटं तर नाही.

दार किलकिलं करून त्याने खोकं बाहेर सरकवलं. जिन्यात उज्ज्वलावहिनी मास्क लावून उभी होती.

“लॅबमध्ये सांगा वहिनी, आत द्राक्षं नाहीत.”

“सांगते. मागल्या टायमाला तिथली पोरगी उगाच खूश झाली.”

ती गेली. खोलीत पुन्हा पंखा आणि राकेश एवढेच उरले.

रक्ताच्या आजारावर त्याला थोरल्या भावाच्या मूळ पेशी चढवल्या होत्या. थोरल्याचं नाव लहानू. आईबापांनी तेव्हा पुढचा विचार केला नव्हता. डॉक्टर मॅडमनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, “कधीकधी भावाच्या पेशी तुमच्या आतड्यांना परकं समजतात आणि भांडायला उठतात.” पेशी चढवून सुटी मिळाल्यापासून राकेश हॉस्पिटलजवळच्या भाड्याच्या खोलीत एकटा होता. जंतूंच्या भीतीने कुणालाच आत यायची परवानगी नव्हती. लहानूने तर फोनही केला नव्हता.

आता आठवडाभर राकेशचं पोट चालू होतं. पेशी खरंच उठल्या असतील तर पुन्हा ॲडमिट, जड औषधं, आणि पुढचं मॅडमही सांगत नव्हत्या. नळी घालून आतड्याचा तुकडा काढण्याआधी डबीतल्या शौचात सुजेची खूण सापडते का, ते त्या पाहणार होत्या.

राकेशला सूज असणार याची खात्री होती. लहानू पिंपळगावच्या लिलावात व्यापाऱ्याशी भांडे, घरी येऊन भिंतीवरच्या घड्याळाशी भांडे. त्याच्या पेशी गप्प कशा बसतील? पोट गुरगुरलं की राकेश म्हणायचा, “बोल दादा.” वहिनी गेल्यावर दिवसभरातलं तेवढंच बोलणं.

रिपोर्ट आला तेव्हा मॅडमचा फोन आला. “सुजेची खूण नाही. बहुधा मॅग्नेशियमच्या गोळ्यांनी होतंय. गोळी बदलू. नळी आत्ता नको.”

राकेशने आभार मानले, फोन ठेवला आणि पोटावर हात ठेवून बसला.

“दादा?”

आतून काहीच आलं नाही.

संध्याकाळी वहिनी डबा घेऊन आली. त्याने दाराआडूनच सांगितलं, “दादाच्या पेशी भांडत नाहीत म्हणे.”

वहिनीने डबा पायरीवर ठेवून हात जोडले. “मग ह्यांचं व्रत पावलं म्हणायचं.”

“कसलं व्रत?”

“सांगू नको म्हणले व्हते. भाऊजी, हे कुणाशीच भांडत नायत. लिलावात भाव पाडला तरी मान डोलावून घरी येतात. व्यापारी मला इचारतो, लहानूशेठला बरं नाय का? हे म्हणतात, पेशी माझ्याच हायेत, मी इथं तोंड उघडलं तर त्या तिथं हात उचलतील.”

“आणि मला फोन?”

“तुमच्याशी बोलले न् भांडण झालं नाय, असं कधी झालंय का? रोज मला सोडायला येतात, पण वर येत नायत. आत्ता पण खाली टेम्पोत बसलेत.”

राकेशने मास्क चढवला आणि कित्येक दिवसांनी गॅलरीचं दार उघडलं. खाली लहानू स्टिअरिंग धरून समोर बघत होता. टेम्पो भिंतीला लागून, अगदी सरळ उभा होता.

“दादा! वाकडा लावलाय.”

लहानूने वर पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. टेम्पो पुढे-मागे करून पुन्हा लावला.

“अजून वाकडाच आहे!”

लहानू खाली उतरला. चारही चाकांभोवती फिरला, पुन्हा चढला, पुन्हा लावला.

“तुला कधी जमलंच नाही!”

“तुझ्या बापानं लावला व्हता का रे कधी टेम्पो?” लहानू गरजला. गल्लीतली कुत्री उठून उभी राहिली.

मग त्याने झटकन तोंडावर हात ठेवला, आणि घाबरून राकेशच्या पोटाकडे पाहत राहिला.