जिन्यात थांबलेले ताट

मित्रांनो, नावाला मी ताट आहे, पण माझ्यात कोणी जेवले असे फारसे घडलेले नाही. एका दारातून निघायचे आणि दुसऱ्या दारात पोहोचायचे, एवढेच माझे काम. माझ्यात जेवली ती एकच बाई, आणि तीही जिन्यात बसून, चोरासारखी. तिच्यावर रागावू नका. तिची हकीकत सांगावी म्हणूनच मी माझी सांगायला बसले आहे.

मी अॅल्युमिनियमचे, पिवळ्या रंगाचे. दक्षिण कोरियातल्या मोक्पो बंदराजवळच्या एका लहानशा कारखान्यात मला घडवले, तेव्हा माझ्या मधोमध लाल फुलांचा गुच्छ होता. घासून घासून आता त्यातली एक पाकळी तेवढी उरली आहे. ओक-बुनबाईंनी लग्नाच्या वर्षी मला बाजारातून आणले. त्यांचे घर डोंगरउतारावरच्या गल्लीत होते. गल्ली कसली, नुसत्या पायऱ्याच. बायका पायऱ्यांवर भाजी निवडत, पायऱ्यांवर भांडत, आणि भांडण मिटले की त्याच पायऱ्यांवरून मला शेजारी पाठवत.

तिथला नियम एकच. भरलेले ताट आले की ते रिकामे परत पाठवायचे नाही. वरच्या घरातल्या दोक-सूच्या आईकडे एकदा द्यायला काही म्हणजे काही नव्हते. तिने माझ्यात मूठभर जाडे मीठ घातले आणि ओक-बुनबाईंना लेकीच्या नावाने हाक मारून वर टोमणाही मारला, "यंग-रानच्या आई, आज एवढंच गं. तुझ्या सारात नाहीतरी मीठ कमीच असतं." ओक-बुनबाई दिवसभर हसत होत्या. न्हाव्याच्या बायकोने मात्र एका भांडणानंतर मला घासूनपुसून, लखलखीत करून, रिकामे परत केले. पुढे ती दोन घरे एकमेकांशी कधी बोलली नाहीत. आमच्याकडे रिकाम्या ताटाचा अर्थ सगळ्यांना कळत असे.

बाईंचे केस पांढरे झाले तरी माझ्या फेऱ्या चालूच होत्या. एका सकाळी पायऱ्या ओल्या होत्या. मला दोन्ही हातांनी धरून उतरताना बाईंचा पाय घसरला. एक हात मोकळा असता तर त्यांनी कठडा धरला असता. माझ्या काठाला पोचा आला आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. तो पोचा अजून आहे, आणि तो पाहिला की मला माझीच लाज वाटते.

यंग-रान ही त्यांची एकुलती एक लेक. राजधानी सोलमध्ये तिचे पडद्यांचे दुकान आहे आणि ती एकटीच राहते. पुढच्या सणाला नक्की येते, असे म्हणत तिने बरेच सण जाऊ दिले होते. इस्पितळात आईचा बारीक झालेला हात पाहून तिच्या काळजात चर्र झाले. आता आईला पायऱ्या नकोत, असे तिने एकटीनेच ठरवले, घर विकायला लावले आणि आईला आपल्याकडे चौदाव्या मजल्यावर आणले. दोक-सूच्या आईने तेव्हाच सांगून ठेवले होते की उताराच्या पायथ्याशी, बाजाराला लागून एक खोली रिकामी आहे, एकही पायरी नाही, वाटले तर परत ये.

सोलमध्ये पाय टेकताच बाईंनी नव्या घरी आल्यावर शेजारी वाटायच्या रीतीप्रमाणे तांदळाच्या पिठाच्या, लाल दाण्यांचा थर दिलेल्या वड्या उकडल्या आणि काठी टेकत मला समोरच्या दारी नेले. तिथे सो-ह्यन नावाची तरुण मुलगी राहते. ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करते. तिने दार अर्धेच उघडले, दोनदा वाकून आभार मानले आणि मला आत घेतले. दुसऱ्या दिवशी मी दाराच्या कडीला एका पिशवीत लटकत होते. धुतलेले, कोरडे, रिकामे.

बाईंनी मला उलटसुलट करून पाहिले. पिशवीतही हात घालून पाहिला. मग त्या पलंगावर जाऊन बसल्या आणि लेकीला म्हणाल्या, "माझं काय चुकलं गं?"

यंग-रान त्या इमारतीत बारा वर्षे राहत होती आणि समोरच्या मुलीचे नावही तिला माहीत नव्हते. त्यानंतर बाई दाराबाहेर पडेनात. दिवसभर खिडकीतून खालच्या गाड्या बघत. लेक दुकानातून येई तेव्हा ती तिथेच काहीतरी विकतचे खाऊन आलेली असे. "जेवलीस?" "जेवले." एवढेच मायलेकींचे बोलणे. आईला झाडासारखे उपटून आणले आणि आता ती कुंडीत सुकते आहे, हे यंग-रानला दिसत होते आणि ते तिला खात होते.

मग तिने एक युक्ती केली. एका संध्याकाळी माझ्यात काळ्या तिळाच्या वड्या भरल्या, स्वतःच बाहेर जाऊन घंटी वाजवली आणि आत येऊन म्हणाली, समोरच्या मुलीने दिल्यात, त्या दिवशी बिचारीच्या घरी काही नव्हते, म्हणून आज ताट मागून नेले होते म्हणे. बाईंचा चेहरा उजळला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सुक्या माशांचे कालवण केले. तुझा पाय दुखतोय, तू नको जाऊस, असे म्हणत यंग-रानने मला उचलले आणि ती दाराबाहेर पडली. समोरच्या दाराशी ती थबकली, हात घंटीपर्यंत नेला, पण तिच्याने वाजवेना. इतक्या वर्षांनी कोणत्या तोंडाने वाजवायची? ती मागच्या जिन्यात गेली.

त्या इमारतीतला जिना आग लागली तरच वापरायचा. तिथे पायरीवर बसून, मला मांडीवर घेऊन ती आईच्या हातचे जेवली. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ती जेवत होती. दोन दिवसांनी मी पिवळी लहान खरबुजे घेऊन "परत" आले. मग आईने डाळीचे घावन केले, तेही जिन्यात गेले. मग वाळवलेले मासे आले. मित्रांनो, मला तोंड असते तर मी तरी काय बोलले असते? प्रत्येक फेरीला बाई थोड्या सावरत होत्या आणि लेक थोडी खचत होती.

एकदा तिने आईला फोनवर दोक-सूच्या आईशी बोलताना ऐकले. "ती खोली आता देऊन टाक कुणाला. मला इथे शेजार मिळालाय." यंग-रान न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. आईने कुठे राहायचे हे आपल्या खोटेपणावर ठरले, हा घास तिच्या घशाखाली उतरेना. खरे सांगावे तर आई पुन्हा खिडकीशी जाऊन बसेल, न सांगावे तर ती जन्मभर नसलेल्या शेजारणीसाठी रांधत राहील.

शरद ऋतू आला. बाईंनी मुळ्याची किमची, म्हणजे आंबवलेले तिखट लोणचे, केली, माझ्यात नीट रचली आणि मला लेकीच्या हातात दिले.

"समोर देऊन ये," त्या म्हणाल्या. "तिखट कमी घातलंय. तुला जळजळ होते ना."

यंग-रान दाराशीच उभी राहिली.

"आई, तुला कधी कळलं?"

"तिळाच्या वड्या आल्या तेव्हाच. अगं, शेजारीण कधी आपल्या आवडीचं देत नाही. तिच्या घरात असेल ते देते. वड्या, खरबुजं, मासे, एवढं माझ्या मनातलं ओळखणारी शेजारीण मोक्पोत मला उभ्या जन्मात नाही मिळाली."

"मग बोलली का नाहीस?"

"जिन्यात बसून का होईना, माझ्या हातचं जेवत होतीस ना तू."

यंग-रान खाली बसली आणि आईच्या गुडघ्यावर डोके ठेवून रडली. मी तुला फसवले, मी तुझे घर विकायला लावले, असे काहीबाही बोलत राहिली. बाईंनी तिला थोपटले. मग सांगितले की समोरची मुलगी परवाच लिफ्टमध्ये भेटली. आपणच विचारले तिला, बाई गं, ताट रिकामे का दिलेस? ती म्हणाली, आजी, तुमच्या हातात काठी होती. मी काही भरून दिले तर तुम्ही पुन्हा कराल, पुन्हा याल, पायाला त्रास होईल, म्हणून दिले नाही.

"चांगली आहे पोरगी," बाई म्हणाल्या. "इथली माणसं त्रास न देता माया करतात. आमच्याकडे त्रास देऊनच करतात. मला या वयात नवीन रीत जमायची नाही. आणि तू माझ्याकडे बघतेस ती गुन्हेगारासारखी. ते बघत मी इथे कशी राहू? मी जाते मोक्पोला."

"खोली तर देऊन टाकायला सांगितलीस."

"सांगितली. पण तिनं आजवर माझं कधी ऐकलंय?"

दोक-सूच्या आईने खोली खरोखरच धरून ठेवली होती. आठवड्याभरात बाई गेल्या. जाताना मला मात्र ओट्यावर ठेवून गेल्या. मोक्पोत पुष्कळ ताटे आहेत, म्हणाल्या.

पुढे बरेच दिवस मी पालथे पडून होते. यंग-रान माझ्याकडे पाहत नसे. मग एका रविवारी तिने कांदापातीचे घावन केले, दोन फाटले, एक जमले. मला उचलून ती बाहेर आली, जिन्याच्या दाराकडे एकदा पाहिले आणि समोरची घंटी वाजवली. काय बोलायचे ते बहुधा तिने पाठ केले असावे, पण सो-ह्यनने दार उघडल्यावर ती एवढेच म्हणाली, "मी समोर राहते. बारा वर्षं झाली."

संध्याकाळी मी परत आले, सो-ह्यनच्या हातातून यंग-रानच्या हातात. माझ्यात दोन भाजलेली रताळी होती. यंग-रानला रताळी लहानपणापासून आवडत नाहीत. तिने दाराशीच उभ्याने मोक्पोला फोन लावला.

"आई, तिनं रताळी दिली."

"करपलीत?"

"एक करपलंय."

"मग खरी शेजारीण आहे. खा मुकाट्यानं."

तिने करपलेलेच आधी खाल्ले. मन अजून टोचते तिला, ते मला दिसते. आता महिन्यातून एकदा ती मोक्पोला जाते आणि त्या दिवशी दुकान लवकर आवरते. मित्रांनो, तुम्ही कुठल्याही गावात राहा, पायऱ्यांच्या की लिफ्टच्या. माझ्यासारखे एखादे पोचे आलेले ताट तुमच्याही घरी पालथे पडले असेल. त्याला घासून कपाटात ठेवणे म्हणजे जपणे नव्हे. त्यात घरात असेल ते घाला, आणि जिन्याकडे न वळता समोरच्या दाराशी न्या.