कडी आखडली तेव्हा

"मेली गाठच बसेना! दोरा आहे की दोरखंड?" चिमणी पुटपुटली.

"दोऱ्याला नावं ठेवू नकोस. आण इकडं," वन्सं म्हणाल्या.

"राहू द्या. घरी नणंद, इथं साहेब. माझी कुठंच सुटका नाही."

आठव्या महिन्यातलं पोट सावरत चिमणी पुन्हा वाकली. काम नेहमीचंच. उंदरिणीच्या धमनीची मुंगीएवढी कडी कोमट द्रावणात टांगायची आणि रक्तवाहिन्या आवळणाऱ्या हार्मोनचा थेंब सोडायचा. साध्या उंदरिणीची कडी आखडते, पडद्यावरची रेघ चढते. गाभणीची मात्र ढिम्म. पोटातल्या पिलांना रक्त मोकळं मिळावं म्हणून तिनं हार्मोनचे टोमणे कानाआड केलेले असतात.

थेंब पडला. गाभणीची रेघ सरसर चढली.

"हिला काय झालं?" वन्सं उठल्या.

"एखादीला नाही जमत कानाआड करायला. मग धमन्या आवळतात, प्रे..." चिमणीनं जीभ चावली. वन्संसमोर तो शब्द घरात कुणी काढत नसे. विषय निघालाच तर सासूबाईंना एकदम भाजी करपल्याचा वास यायचा.

वन्संनी दुसरं भांडं पाहिलं. साधीची रेघ आडवी पडलेली.

"अगं, हिची कडी तिच्या भांड्यात टांगलीस! भांड्यांवर एवढं ठळक लिहिलंय."

चिमणीनं डोळे चोळले. "सकाळपासून अक्षरं नाचताहेत. डोकंही ठणकतंय. झोप नाही झाली, दुसरं काय."

वन्संची नजर तिच्या बोटांवर गेली. फुगलेली, चकचकीत. कालच जेवताना भाऊ बायकोला म्हणाला होता, "गोबरी दिसतेस हं!" सगळे हसले होते. वन्संसुद्धा.

त्यांनी हीटर बंद केला, चालू केला, परत बंद केला. ॲप्रन काढला. किल्ली हातात धरून पर्स उलथीपालथी केली.

"वन्सं, प्रयोग अर्धा राहील."

"चुलीत घाल तो प्रयोग. दवाखान्यात चल."

"उगीच घाबरवू नका. सगळ्यांच्याच अंगावर सूज येते."

"माझ्याही आली होती." वन्संचा आवाज चिरकला. "अक्षरंही नाचली होती. झोप नाही झाली म्हणत मीही बसून राहिले. माझं बाळ प्रेशरनं गेलं, चिमणे. ऊठ."