गुलाबी गोळ्या

दिल्लीच्या इस्पितळात गुणवंतरावांनी मला टेबलावर उपडा केला, त्या दिवशी सगळं कळलं. मी श्रीखंडाचा एक जुना प्लॅस्टिकचा डबा. डॉक्टरीणबाईंनी घरात असतील ती सगळी औषधं मागवली होती आणि आमच्या घरातली औषधं माझ्यात राहत. रक्तदाबाच्या आणि खोकल्याच्या गोळ्या बाजूला झाल्या. उरली ती कापलेल्या पट्ट्यांची रास. सगळ्या गोळ्या गुलाबी.

"ये पिंक वाली खाई ही नहीं आपने?"

"सिर्फ सफेद लेती थी," गुणवंतरावांच्या पत्नी चंद्रप्रभाबाई खाली बघत म्हणाल्या.

मग डॉक्टरीणबाईंनी समजावलं. पांढरी गोळी पाळी गेल्यावर येणारा घाम थांबवते, पण एकटीच घेतली तर गर्भाशयाचं अस्तर वाढत जातं. गुलाबीत त्याला आवर घालणारं दुसरं औषध असतं. इथे आवर राहिला नव्हता. अस्तरात कॅन्सर झाला होता आणि तो बाहेर पसरला होता. गुणवंतराव मला पुन्हा भरत होते. माझं झाकण त्यांना नीट लागेना.

मित्रांनो, माझी सुरुवात गोड झाली होती. गुणवंतराव सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन गाझियाबादला राहायला आले, त्या पाडव्याला मी श्रीखंड घेऊन त्यांच्या घरी आलो. श्रीखंड दोन दिवसांत संपलं. चंद्रप्रभाबाईंनी मला गरम पाण्याने धुतलं, उन्हात पालथा घातला आणि म्हणाल्या, "चांगला आहे, टाकायचा नाही." तेव्हापासून मी फ्रिजवर बसलो. त्यांच्या बोटांना वेलदोड्याचा वास असे. तो माझ्या झाकणाला लागून राही.

त्यांची पाळी थांबली, त्या वर्षी त्या खूश होत्या. मराठी मंडळाच्या गणपतीचा नैवेद्य त्या करत, घरी गौरी आणत. तोवर दर वर्षी कॅलेंडर बघून जीव टांगणीला लागायचा. अडचण आली की सोवळ्याचा स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी करायचा आणि त्यांनी बाजूला बसायचं. आता ते संपलं होतं.

पण अंगातून वाफा निघू लागल्या. ऐन जानेवारीत त्या पंखा लावत.

"शेजारी म्हणतील, मराठी लोकांना थंडी कळत नाही," गुणवंतराव रजईतून म्हणत.

"तुम्हाला कळते ना? मग माझी रजईही घ्या."

जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. आधी पांढऱ्या, मग गुलाबी, एकही चुकवायची नाही. का, ते चंद्रप्रभाबाईंनी विचारलं नाही. घाम थांबला, झोप लागू लागली. पण गुलाबी गोळ्या संपल्या की पाळीसारखं रक्त जाई. भाद्रपद जवळ आला, तशी त्यांनी कात्री घेतली, पट्टीचा गुलाबी भाग कापला आणि माझ्या तळाशी ठेवला. त्या वर्षी मोदक त्यांनीच वळले. यंदापुरतंच, असं त्या म्हणाल्या होत्या. पुढे नवरात्र आलं, मग चैत्रगौर. तळ भरत गेला. गोळ्या कोपऱ्यावरचा दुकानदार चिठ्ठी न विचारता देई, त्यामुळे दवाखान्यात जाणंही राहिलं.

शेजारच्या इमारतीतल्या सुमित्राबाईही त्याच गोळ्या घेत, हे गुणवंतरावांनाही ठाऊक होतं. एकदा माझ्यासमोर बसून दोघी मेथी निवडत गप्पा मारत होत्या.

"अगं, गुलाबी सोडून द्यायच्या. मला काही झालंय का?" चंद्रप्रभाबाई म्हणाल्या.

"डॉक्टर रागावल्या तर?"

"डॉक्टर येणारेत का तुझ्या गौरी आणायला?"

दोघी खूप हसल्या. मला तेव्हा तो विनोदच वाटला.

होळीच्या आधी चंद्रप्रभाबाई गेल्या. आता सकाळी गुणवंतराव आपली गोळी काढतात आणि झाकण न लावता माझ्याकडे बघत राहतात. कधी झाकण नाकाशी नेतात. वास केव्हाच गेलाय. त्या काही शोधायला यायच्या तेव्हा आधी मला हलवून बघत. तसं आता कुणी हलवत नाही. ते हलवणं मला फार हवं असतं.

परवा सुमित्राबाई वाटीभर भाजी घेऊन आल्या. यंदा गौरी आपल्याच हातून व्हायला हव्यात, प्रभाची आठवण म्हणून, असं सांगत होत्या. गुणवंतराव खुर्चीत पुढे सरकले.

"वहिनी, तुमच्या त्या गोळ्या..."

"काय म्हणालात, भाऊजी?"

त्यांचे कान लाल झाले. चाळीस वर्षं बायकोशीही ज्या गोष्टी ते बोलले नव्हते, त्या परक्या बाईशी कशा बोलायच्या?

"काही नाही. वाटी घासून पाठवतो."

मित्रांनो, गोळी कशासाठी आहे ते विचारून घ्या. नको वाटली, तर डॉक्टरांना सांगा, त्यांच्याकडे दुसरा उपाय असतो. घरातल्या बाईलाही विचारा, लाजू नका. मी डबा आहे, मला बोलता येत नाही.

वाटी घासून ओट्यावर ठेवली आहे. सुमित्राबाईंना अजून कुणी काही सांगितलेलं नाही.