दोन मुठींची करवत

या, असे जवळ या. तिकडे वाऱ्यात कशाला बसता? शाल गुंडाळून घ्या आणि कान इकडे द्या. बुवा अजून चहा घेताहेत, मृदंगाला कणीक लागायची आहे. तोवर एका करवतीची गोष्ट सांगायची आहे. करवतीत कसला आला देव, म्हणाल. ऐका तर.

केळझरच्या अलीकडे आमचं गाव. शहाऐंशी सालची गोष्ट. तेव्हाही दत्तजयंतीचा सप्ताह असाच बसायचा आणि काल्याच्या कीर्तनानंतर सगळं गाव जेवायचं. त्या स्वयंपाकाला लाकूड पुरवायचा मान वासुदेवरावांच्या घरचा. मान म्हणजे काय, कामच. बांधावरची वाळलेली बाभूळ बैलांनी अंगणात ओढून आणायची आणि तिचे तुकडे करायचे. करवत चांगली लांब, दोन्ही टोकांना मूठ. एका मुठीशी वासुदेवराव, दुसरीशी त्यांच्या मनकर्णाबाई.

मनकर्णाबाईंचे डोळे काचबिंदूने गेले होते. डोळे गेले तसं एकेक काम लोकांनी मायेनेच त्यांच्या हातून काढून घेतलं. तांदूळ निवडायला बसल्या की कुणीतरी सूप उचलायचं, "मामी, तुमी बसा." वाती वळायला घेतल्या, "काकू, तुमी बसा." करवतीला मात्र डोळे लागत नाहीत. आपण ओढायचं आणि हात सैल सोडायचा. मग ओढायची पाळी समोरच्याची. ढकललं की पातं वाकतं. वासुदेवराव ओढताना "रखुमाई" म्हणत, मनकर्णाबाई ओढताना "विठ्ठल". बुवांनी चरण टाकावा आणि टाळकऱ्यांनी झेलावा, तसं ते चालायचं. अख्ख्या सप्ताहात त्यांच्या हातचं देवापर्यंत पोचायचं ते एवढंच.

त्या वर्षी त्यांचे जावई सदाशिवराव पिपरी मेघ्याहून आले ते विजेवर चालणारी साखळीची करवत घेऊनच. कारखान्यातून दोन दिवसांसाठी मागून आणलेली. पुतण्या तानबा जंगलातल्या ठेकेदाराकडे कामाला होता. त्याला हे कळलं, तर तो पेट्रोलची घेऊन हजर.

"मामाजी, आता मामीले त्रास नाई," सदाशिवराव म्हणाले. "बटन दाबलं का झालं."

"न बांधावर झाड पडलं तं?" तानबा म्हणाला. "वायर पुरत नाई म्हनून झाडालेच घरी बोलावान का, जवाईबापू?"

"तुह्या मशीनीच्या धुरात लाकूड दिसन तं कापशीन न बे!"

वासुदेवराव हसत म्हणाले, "चालवा दोन्ही. हिचे हात थकले आता."

मनकर्णाबाई कमरेला पदर खोचून उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. खोचलेला पदर सोडला आणि भिंतीला टेकून बसल्या.

खिडकीतून वायर बाहेर आली. साखळी किर्र करत बुंध्यात शिरली, भुसा उडाला, जावयांचा चेहरा फुलला. अर्धा बुंधा झाला आणि लाईन गेली. साखळी लाकडात होती तिथंच अडकून बसली.

"आता वायरमनले निवद दाखवा," म्हणत तानबा पुढे झाला. त्याने दोरी ओढली, पुन्हा ओढली, घाम येईतो ओढली. मशीन खोकली, काळा धूर सोडला आणि मग अशी काही गरजली की गोठ्यातली गाय दावं तोडून सुसाट निघाली. मशीन बंद करून तानबा गाईमागे, आणि तानबाच्या मागे, पँट सावरत, जावई.

अंगणात दोघंच उरले.

"एक रडते न एक खोकलते," मनकर्णाबाई म्हणाल्या. "कोनती ठेवता जी?"

वासुदेवरावांना हसू आलं. पण त्या हसत नव्हत्या.

"माह्यं काम सरलं ना जी?"

"काऊन वं असं बोलून राह्यली?"

"हात थकले म्हनलं न तुमी. बसा म्हननारे पुष्कळ होते. न म्हननारे तुमी एकलेच होते."

वासुदेवराव बुंध्यावर टेकले. "तुह्यासाठीच बोललो मी. मांगच्या साली करवत मंद चालत होती. मले वाटलं, तुह्याच्यानं होत नाई."

"मंद मीच चालवत होती. तुमचा उजवा हात मधातच ढिला पडते. दिसत नाई मले, पन मुठीतून समजते. म्हनून हळू ओढत होती."

वासुदेवरावांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. थंडीत बोटं बधिर होतात, हे त्यांनी पोरीलाही कळू दिलं नव्हतं.

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तं लोकायनं तुमालेबी बसवलं असतं."

 वासुदेवराव उठले, भिंतीवरची करवत काढली, एक जाडशी फांदी दोन दगडांवर ठेवली आणि मूठ मनकर्णाबाईंच्या हातात दिली.

"धर. न हळूच ओढजो वं."

गाईला घेऊन तानबा आणि जावई परतले तेव्हा कुसळं कपड्यांना चिकटलेली, आणि अंगणातून आवाज येत होता, रखुमाई, विठ्ठल, रखुमाई, विठ्ठल. सदाशिवरावांनी न राहवून म्हटलं, "मामी, तुमी बसा न, लाईन येईनच आता."

"जवाईबापू," वासुदेवराव म्हणाले, "तुमीच बसा."

मनकर्णाबाई इतक्या हसल्या की करवत थांबली. मग त्यांनीच निवाडा केला. "बुंधा तुमचा, कोन्याबी मशीनीनं कापा. फांद्या आमच्या. न चुलीत पयला जाळ आमच्या फांद्यायचा."

तसंच झालं. लाईन काही आली नाही. जावयांची अडकलेली साखळी तानबाने आपल्या पेट्रोलच्या करवतीने सोडवली, आणि ते तो अजून प्रत्येकाला सांगतो.

काल्याच्या दिवशी देवळामागे मोठा हंडा चढला. कुणीतरी सवयीने म्हणालं, "काकू, तुमी बसा." मनकर्णाबाईंनी जाळाकडे तोंड केलं, तळहात शेकले आणि म्हणाल्या, "बसलीच हाओ न माय. भात माह्या लाकडावर शिजून राह्यला."

आज त्या नाहीत, वासुदेवरावही नाहीत. मृदंग लागला बघा, बुवा उभे राहिले. एवढंच मागणं आहे: घरी कुणा थकल्या माणसाला "तुम्ही बसा" म्हणायला तोंड उघडाल, तेव्हा जरा थांबा, आणि आमच्या मनकर्णाबाईंची आठवण करा.