धवल्यातली चरचर

हरेश म्हात्रे कंपनीतून निवृत्त झाला आणि त्याच महिन्यात त्याची बायको सगुणा डोंबिवलीला लेकीकडे गेली. मनस्वीचं बाळ तेव्हा दोन महिन्यांचं होतं. सहा महिन्यांसाठी गेलेली सगुणा वर्ष झालं तरी तिकडंच होती. रोह्याजवळच्या वरसे गावातल्या दोन खोल्यांत हरेश एकटा. सकाळी रोह्याच्या बाजारातून भाजी आणायची, कुकर लावायचा, आणि मग दिवसभर टेबल.

टेबलावर एक डिजिटल इक्वलायझर उघडा पडलेला असायचा. एका बंद पडलेल्या स्टुडिओतून घेतलेला. आवाजातलं जाड-बारीक हवं तसं कमी-जास्त करणारं ते यंत्र. हरेशला त्यातून एकच गोष्ट ऐकायची होती, कृष्णाबाई काकीचे धवले, लग्नात म्हणायची गाणी. काकी जिते गावातली धवलारीण. आसपासच्या गावांतली लग्नं तिच्या गाण्याशिवाय लागत नसत. तीस वर्षांपूर्वी हरेशनं मांडवात बसून तिची कॅसेट भरली होती. काकी कधीच गेली. कॅसेट त्यानं लॅपटॉपवर उतरवून घेतली, पण ‘स’ किंवा ‘श’ आला की आवाज चरचरायचा, पत्र्यावर खिळा ओढावा तसा.

कॅसेटमध्ये दोष नव्हता, याची त्याला खात्री होती. दोष इक्वलायझरच्या शेवटच्या टप्प्यात असणार. आतला हिशेब कितीही चोख असला, तरी आकड्यांचा पुन्हा आवाज झाल्यावर तो बाहेर पडतो स्वस्तातल्या आयसी चिपमधून आणि सुकलेल्या कपॅसिटरमधून.

चौतीस वर्षं इन्स्ट्रुमेंटचं काम केलेला माणूस तो. भिंग लावून त्यानं जुन्या आयसी उपसल्या, चांगल्या बसवल्या. पहिल्याच दिवशी एक नवी आयसी तापून चटका देऊ लागली. तिच्या पायाशी छोटा कपॅसिटर लावला तेव्हा ती शांत झाली. मग आवाजाच्या भागाला वेगळा पॉवर सप्लाय दिला. तीन आठवडे गेले. शेवटी लॅपटॉपवर मोजलं, तर डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाटण्याचं प्रमाण, आधीच्या पाचव्या हिश्शावर आलं होतं. हरेश खुर्चीतच हसला. कुणाला सांगावं म्हणून त्यानं मान वर केली. घरात कुणी नव्हतं.

त्यानं धवला लावला.

‘स’ आला. चरचरला.

पुन्हा लावला, पुन्हा तेच. सगळे सांधे तपासले. आकडे खोटं बोलत नव्हते.

दुपारी शेजारची वैशाली त्याचं कुरिअर द्यायला आली. ती शाळेत शिकवायची. हरेशनं तिला जवळजवळ धरूनच बसवलं.

“बाय, जरा ऐक आणि सांग. कुठं फाटतंय का?”

ती डोळे मिटून ऐकत राहिली. “नाय हो काका, कुठं फाटतंय? किती साफ हाय. बांगड्यापन ऐकू येतात.”

“कसल्या बांगड्या?”

“गाताना हात हलवतायत ना त्या. बघा, आता... आता परत.”

हरेश कान देऊन ऐकत होता. त्याला काकीचा आवाज येत होता, चरचर येत होती. बांगड्या नव्हत्या.

दोन दिवसांनी तो पेणला कानाच्या डॉक्टरांकडे गेला. काचेच्या खोलीत बसवून त्याला शिट्ट्या ऐकवल्या. डॉक्टरांनी कागद पुढं केला. रेघ अर्ध्यापर्यंत सरळ होती, मग जिना कोसळावा तशी खाली.

“कुठं काम केलंत?”

“कॉम्प्रेसरच्या शेजारी.”

“कानाला काही लावायचात?”

द्यायचे, पण हरेश लावायचा नाही. मशिनचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा म्हणून त्याचं नाव होतं. कान झाकून कसं चाललं असतं?

“बारीक आवाज गेलेत,” डॉक्टर म्हणाले. “थोडे उरलेत, तेही कान नीट घेत नाही. म्हणून चरचरतंय. कानाला मशीन लावा, बराच फरक पडेल.”

घरी येऊन त्यानं तो कागद इक्वलायझरशेजारी ठेवला आणि जिथं रेघ खाली गेली होती तिथले सूर तेवढेच वर चढवले. मग धवला लावला. चरचर होतीच, पण तिच्या आड, अगदी किनकिन, बांगड्या वाजल्या. काकीचा काळा, हडकुळा हात त्याच्या डोळ्यांपुढं आला. तो ऐकत राहिला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग परत पहिल्यापासून.

दार वाजलं. वैशाली कानांवर हात ठेवून उभी होती.

“काका, काय लावलंय? डोस्कं फुटतंय!”

त्यानं बंद केलं. “चुकून झालं,” म्हणाला.

संध्याकाळी सगुणाचा फोन आला. नातवाच्या रडण्यात तिचं अर्धं बोलणं बुडालं. एरवी तो “व्हय, व्हय” म्हणून मोकळा व्हायचा.

“सगुणा, मला ऐकू कमी येतं गो. आज कळलं.”

पलीकडं बाळाचं रडणं लांब गेलं.

“मला ठाऊक हाय,” ती म्हणाली. “पाच-सहा वर्सं झाली.”

“मग बोलली का नायस?”

“बोलले. दोनदा. तुम्ही फोनच बिघडला म्हणून तो बदललात.”

मग त्यानं विचारलं, “मघाशी काय सांगत होतीस?”

“काय नाय. पोरगा शब्द बोलायला लागलाय.”

“कुठला शब्द?”

तिनं सांगितला. त्याला कळला नाही. त्यानं परत विचारलं, आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.