धारेची साडी

दादूने पदर डोक्यावरून ओढून घेतला, मास्क नाकापर्यंत चढवला आणि बादली घेऊन तो म्हशीशेजारी उकिडवा बसला. पायजम्यावरच गुंडाळलेली हिरवी साडी त्याच्या गुडघ्यांपाशी येऊन संपली होती. गोठ्याच्या दारात उभी राहिलेली रोहिणी हसू दाबता दाबता भिंतीला टेकली.

"हसू नगंस गं," गवराबाई सुनेला म्हणाली. "बुजंल ती."

पण तिचं स्वतःचंही पोट हलत होतंच. सदतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला आपल्या साडीत बघायची वेळ येईल, असं कुणाला वाटलं होतं! ही तिची धारेची साडी. तिला शेणाचा, दुधाचा आणि गवराबाईच्या अंगाचा वास होता. चांदी म्हैस त्या वासाला ओळखते, असं म्हणत दादूने ती हट्टाने मागून घेतली होती. घरातली बाई माहेरी गेली की गावातली गडीमाणसं पूर्वी असंच करायची. मास्क तेवढा नवा. आजारातून उठल्यापासून गवराबाई गोठ्यातही मास्क लावायची, तेव्हा तोही पाहिजेच, असं दादूचं म्हणणं.

हा सगळा खटाटोप दुबईसाठी चालला होता.

पावणेदोन वर्षांपूर्वी रोहिणीने बायकांच्या सहलीत सासूचं आणि आपलं नाव घातलं होतं. पासपोर्ट हातात आले आणि आठवड्याभरात सगळं जगच बंद झालं. आता दिवाळी सरली तशी चिंचवडच्या सहलवाल्या मिनलताईंचा आजच फोन आला.

"कोरोना अजून गेलेला नाही हो, पण लोक थांबायला तयार नाहीत," मिनलताई म्हणाल्या होत्या. "घरात बसून बसून विटलेत सगळे. दोन डोस झालेत ना? स्वॅब द्यायचा आणि निघायचं. माझ्याकडे दोनच जागा उरल्यात. उद्या सकाळी दहापर्यंत सांगा, नाहीतर दुसऱ्या कुणाला देऊन टाकते."

गवराबाईला जायचं होतं. उंच उंच इमारती गेल्या चुलीत, तिला वाळवंट बघायचं होतं. तिचा जन्म गवत कापण्यात गेला. जिथं गवताची काडी उगवत नाही तिथली माणसं जगतात कशी, हे एकदा डोळ्यांनी बघू दे, एवढंच तिचं मागणं. पण म्हशीचं काय करायचं? जमीन कंपन्यांच्या भिंतीआड गेली, सात म्हशींची एक राहिली, आणि ही एक चांदी गवराबाईशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नव्हती. साऱ्या निघोजे गावाला हे ठाऊक होतं, कारण गवराबाईनेच ते सांगितलं होतं.

एप्रिलात ती चौदा दिवस कोविड सेंटरला होती. नाकाला नळी, घास गिळवत नव्हता. मुलगा सुरज आणि रोहिणी तेव्हा रोहिणीच्या माहेरी अडकले होते, घरी दादू एकटाच. रोज सांजेला दादूचा फोन यायचा आणि त्यात एकच रडगाणं असायचं.

"आगं, ही हात लावू देईना. रेडकू पितंय तेवढंच. दाराकडं तोंड करून नुस्ती हुबी ऱ्हाती. लवकर ये बाई."

गवराबाई चिडायची. एक म्हैस सांभाळता येईना या माणसाला! मग चिडता चिडताच भातात वरण कालवून चार घास ढकलायची. तिच्या दोन्ही बाजूंच्या खाटा रिकाम्या झाल्या. ती मात्र उठून घरी आली. "म्हशीनं माघारी आणलं मला," असं ती आल्यागेल्याला सांगायची, आणि सांगताना दरवेळी तिचा ऊर भरून यायचा.

इकडे गोठ्यात चांदीने शेपटी झटकली, मागचा पाय उचलून ठेवला आणि मग पान्हा सोडला. बादलीत धार वाजू लागली.

"बघ! दिलं का न्हाई?" पदराआडून दादू ओरडला.

"मी हितं हुबी हाय म्हणून दिलं तिनं."

"बरं. मग सकाळच्याला तू गोठ्यात येऊच नगंस. मी आन् साडी, दोघंच."

"आन् न्हाई दिलं तर?"

दादू जरा घुटमळला. "तर मग मिनलताईला न्हाई म्हणून टाक."

सकाळी गवराबाईला जाग आली तेव्हा दादूचं अंथरूण रिकामं होतं आणि साडी खुंटीलाच लटकत होती. 'अरं देवा, इसरला की!' आता म्हैस लाथ मारणार, दूध चढवून धरणार, आणि दुबई राहिली ती राहिलीच. साडी काखेत मारून ती अनवाणीच अंगणातून निघाली. रस्त्यावर कंपनीची बस पहिल्या शिफ्टच्या लोकांसाठी हॉर्न देत होती.

गोठ्याशी येता येता तिच्या कानावर धारेचा आवाज पडला. ती दाराआड थांबली.

नुसतं बनियन घालून बसलेल्या दादूने चांदीच्या कुशीला कपाळ टेकलं होतं. तोंडाला मास्क नव्हता. दोन्ही हात न अडखळता, सावकाश चालले होते. चांदी अर्धे डोळे मिटून रवंथ करत होती आणि बादली फेसाने काठोकाठ भरली होती.

"बास गं बाय," दादू तिला हळूच म्हणाला. "आता रेडकाला ठिव."

हा काय काल शिकलेला हात नव्हता. गवराबाई जागच्या जागी उभी राहिली. चौदा दिवस न पिळलेली म्हैस आटते, तिची कास दगड होते, हे न कळायला ती काय शहरातली होती? ती घरी आली त्या दिवशी चांदीने बादलीभर दूध दिलं होतं. तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं. आलंही असेल. तिने विचारलं नव्हतं, एवढंच.

'लबाड कुठला!' पहिल्यांदा तिला रागच आला. सहा-सात महिने साऱ्या गावाला सांगत फिरले मी! मग एकाएकी तिला उमगलं. रोज सांजेला तो फोनवर रडत नव्हता, तिला ओढत होता. म्हशीने नाही, ह्यानं आणलं होतं माघारी.

तिने साडीनेच डोळे पुसले, चार पावलं मागं गेली आणि खच्चून खोकली.

"अवो, साडी इसरलात की!"

गोठ्यात एकच धांदल उडाली. ती दारात पोचली तेव्हा भरलेली बादली कडब्याखाली गेली होती आणि दादू रिकामी चरवी घेऊन म्हशीपासून लांब उभा होता.

"लाथ मारती गं," तो म्हणाला. "साडीबिगर जवळच येऊ देईना."

त्याच्या मनगटावर फेस होता.

"व्हय का?"

"मग! तुझीच सवय हाय तिला."

गवराबाईने त्याच्या कमरेला साडी गुंडाळली, पदर डोक्यावरून नीट ओढून दिला आणि बाहेर जाऊन उभी राहिली. पिळून झालेल्या चांदीने कसंबसं घोटभर दूध दिलं. दादूने ते मोठ्या मानाने दारात आणून दाखवलं.

"दिलं वो," ती म्हणाली. मग घराकडे वळून तिने हाक मारली, "रोहिणी, मिनलताईला फोन लाव. येतो म्हणावं."

दहा-बारा दिवसांनी, कलत्या दुपारी, गाडी अंगणात लागली. दोघींचे स्वॅब चांगले आले होते. सुरज पहिल्या शिफ्टवरून येऊन आईच्या बॅगा डिकीत चढवत होता. गवराबाई नवी कोरी साडी नेसून मागच्या सीटवर बसली. दादू खिडकीशी आला. गाडीवाला परका माणूस म्हणून त्यानेही मास्क लावला होता.

"साडी कुठं ठिवलीस? खुंटीला दिसत न्हाई."

"बॅगंत हाय."

"अहो आई!" रोहिणी दचकली. "ती कशाला घेतलीत? बाबांना धार काढायला नको का?"

"त्यास्नी कशाला लागती?"

दादूचा हात खिडकीच्या अर्ध्या उतरवलेल्या काचेवर तसाच राहिला. मास्कच्या वर त्याचे डोळे तेवढे दिसत होते, आणि कान लाल झाले होते. त्याने खाली बघितलं, पुन्हा वर बघितलं.

"कवापास्नं?" त्याने हळूच विचारलं.

गवराबाईने काचेवरच्या त्याच्या हातावर आपला हात ठेवला.

"रोज सांजच्याला फोन करा," ती म्हणाली. "म्हस हात लावू देत न्हाई म्हणून सांगा. त्ये ऐकल्याबिगर मला तिथं घास जायचा न्हाई."

"सांगतो की," दादू म्हणाला. गाडी फाट्याकडे वळेपर्यंत तो अंगणात उभा राहिला, आणि मग धारेची वेळ झाली म्हणून बादली घ्यायला आत गेला.