तानीनं गायलेली नावं

“गाण्याच्या शेवटी डिझेल भरणाऱ्याचं नाव हाय, आन रेकॉर्डिंग करणाऱ्याचं नाय,” टीव्हीची वायर खोचता खोचता चंदर पुटपुटला. मी शेजारीच कांदे चिरत होते, म्हणून ऐकू आलं. मोठ्यानं बोलायची त्याची छाती नव्हती.

टोकावड्याच्या आमच्या धाब्यावर त्या दुपारी मालक भगीरथशेठनी काढलेलं हळदीचं गाणं टीव्हीवर दाखवायचं होतं. शेठना गाण्यातलं काय कळतं म्हणाल, तर गाणं चालू असताना फोनवर ओरडू नये, एवढंसुद्धा नाही. पण निर्माते तेच. गायिका त्यांची सून कुणाली, पहिल्या खुर्चीत नटून बसलेली.

गायली होती तानी. धाब्यात भाकऱ्या थापते ती. आसपासच्या लग्नांत हळद लागताना हीच गाते, आणि गाण्यात घरातल्या एकेकाचं नाव ओवते. काकी, मामा, आत्याचा नवरा. कोणी सुटलं तर रुसवे होतात, म्हणून ती कोणाला सोडत नाही. शेठनी तर स्वतःचं, वडलांचं, वर आपल्या जीपचंही नाव गाऊन घेतलं. तांदळाच्या कोठीत गोण्यांच्या आडोशाला चंदरनं माईक लावला, फ्रीज बंद करायला लावला, एकेक ओळ सात-सात वेळा घेतली. मग कुणालीनं कॅमेऱ्यापुढे ओठ हलवले. सगळ्यांना ठाऊक. तरी कौतुक कुणालीच्या गळ्याचं. मीही मान डोलावली. भाकरी तिथलीच खाते.

तानीनं एकच मागितलं होतं. शेवटी नावं येतात, त्यात माझं येऊ द्या. शेठ हो म्हणाले होते. तिला वाचता येत नाही. मी एसटीच्या पाट्या बघून बघून शिकले. तर ती पिठाच्या हातांनी माझ्यामागे येऊन उभी राहिली. “प्रेमा, माजं आलं का सांग गो.”

नावं सरकू लागली. पहिलंच ‘गायिका: कुणाली’. मग ड्रोनवाला. फेटेवाला. शेठचे साडू, त्यांचं ‘मार्गदर्शन’. मेहुण्यानं शूटिंगला येऊन दोन दिवस कोंबडी खाल्ली होती, त्याचं ‘विशेष सहकार्य’. मग धाब्याचा फोन नंबर, आणि पडदा काळा.

“आलं का?”

मंडळी टाळ्या वाजवण्यात गुंतली. चंदर खाली बघून वायर गुंडाळायला लागला.

“आलं,” मी म्हटलं. “पयलंच.”

ती अशी हसली, की मला माझीच शिसारी आली. पदराला हात पुसून ती कुणालीकडे गेली आणि तिची हनुवटी धरून म्हणाली, “आन तुजं आलं का गो, बाय? नसंल तर शेठना सांगते मी.”

कुणालीनं सासऱ्याकडे पाहिलं. ते मोबाईलमध्ये. मग ती उठून उभी राहिली.

“मावशी, तुमचं नाव नाय आलं. गायलात तुमी, आन नाव माझं लावलंय.”